आपत्ति-नियमावलीतील कर्ता आणि अधिकरण

शाळांची आपत्तिविषयक पूर्वतयारी म्हटली की भक्कम इमारती, भोंगे आणि कवायती यांचाच विचार प्रथम होतो. तथापि या तयारीचे एक अंग सर्वस्वी भाषिक आहे. संकटसमयी कोणी आणि कोठे जावयाचे, हे नियमावलीतील शब्दांनी ठरत असते. जपानमधील दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य जपानला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून सुमारे ४ किलोमीटर आत, किताकामी नदीच्या काठी होती. तिच्या मागेच टेकडी होती. त्सुनामी तेथवर पोचण्यास सुमारे ५० मिनिटे लागली. त्यांतील बहुतेक काळ मुले पटांगणातच थांबली होती. पटावरील १०८ मुलांपैकी ७४ मुले आणि १० शिक्षक यांना जलसमाधी मिळाली.

शाळेला नियमावली नव्हती असे नाही. त्सुनामीच्या वेळी जावयाचे स्थळ म्हणून तीत जवळची मोकळी जागा, उद्यान इत्यादी, अशा अर्थाचे शब्द होते. व्याकरणदृष्ट्या त्यांत दोष नाही. परंतु या सामान्यनामांनी कोणतेही विशिष्ट स्थळ निर्दिष्ट होत नव्हते. वाक्यात अधिकरण होते, पण ते रिक्त होते. आणि ते भरण्याचे काम ऐन संकटात वाचणाऱ्यावर पडले. सेंदाई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पूर्वतयारीतील याच उणिवेवर बोट ठेवले व सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो निकाल कायम केला.

याच किनाऱ्यावरील कामाइशी शहरातील उनोसुमाई भागात मात्र निराळे घडले. तेथील बोलीत ‘तेन्देंको’ असा शब्द आहे. ‘ज्याने त्याने, आपापले’ हा त्याचा अर्थ. या शब्दात कर्ता निःसंदिग्ध आहे: कोणाची वाट न पाहता प्रत्येकाने उंचावर धावावयाचे. ही शिकवण शाळांतून दिली गेली होती. माध्यमिक शाळेतील मुले धावू लागताच शेजारच्या प्राथमिक शाळेतील मुले त्यांच्यामागे निघाली. ठरलेले स्थळ असुरक्षित वाटताच सर्वजण आणखी उंच गेले. नकाशात धोक्याबाहेर दाखविलेल्या या दोन्ही शाळा बुडाल्या. एकत्र निघालेली मुले वाचली.

केवळ एका शब्दाने मुले वाचली वा बुडाली, असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. परंतु ज्या वाक्यात कर्ता व अधिकरण निश्चित नाहीत, ते वाक्य आज्ञार्थी असूनही आज्ञा ठरत नाही. कोणत्याही शाळेची नियमावली प्रथम या कसोटीवर घासून पाहिली पाहिजे.