परदेशी मैदानावर आपली पोरं

26 एप्रिल 2021. इंग्लंडमध्ये लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना चालू होता. रमजानचा महिना होता आणि लेस्टरचा बचावपटू वेस्ली फोफाना रोजा ठेवून खेळत होता. वय 20, फ्रान्समधून इंग्लंडला येऊन वर्षही झालेले नव्हते. सामना अर्ध्या तासावर आला, सूर्य मावळला. चेंडू पॅलेसचा गोलरक्षक व्हिसेंते ग्वाइता याच्याकडे होता. त्याने गोल किक मारली नाही, थांबला. तेवढ्या वेळात फोफानाने मैदानाच्या कडेला जाऊन रोजा सोडला आणि परत जागेवर येऊन उभा राहिला. दोन्ही संघांनी हे सामन्याआधीच ठरवून ठेवले होते. पुढच्या वर्षी जर्मनीत ऑग्सबर्ग-माइन्झ सामन्यात पंचांनीच खेळ थांबवून मूसा नियाखाते याला रोजा सोडायला वेळ दिला, आणि 2023 पासून इंग्लंडच्या पंचांना तशी सूचनाच आहे.

रमजानच्या पानावर फुटबॉल कशाला, असे कुणी विचारील. कारण असे, की इफ्तारनंतर चार माणसे बसली की हल्ली एक विषय हमखास निघतो: पोरगा चांगला खेळतो, त्याला बाहेर पाठवले तर? मोबाइलवर स्पेनच्या, इंग्लंडच्या ट्रायलच्या जाहिराती येतात. अब्बा आकडे मोजतात, अम्मी गप्प असते. हा प्रश्न फक्त आमच्या मोहल्ल्यातला नाही. चिखलीत, मेहकरात, मलकापुरातही ज्याचे पोट्टे संध्याकाळी मैदानावरून घरी यायला तयार नसते, त्या प्रत्येक घरातला आहे.

बाहेर जाऊन नेमके काय मिळते, याचे उत्तर शोधायला युरोपपर्यंत जायची गरज नाही. नागपूरला पाहा. 2001 च्या पावसात हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला, म्हणजे आजची ‘स्लम सॉकर’ ही संस्था. नागराज मंजुळे यांचा 2022 चा ‘झुंड’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे, म्हणून कथा सांगत बसत नाही. पण चित्रपटात पोरं विमानात बसली की आपल्याला वाटते संपले. खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

ही पोरं ज्या बेघरांच्या विश्वचषकाला जातात, तो 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाला. एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. मैदान लहान आणि कडेने फळ्या, त्यामुळे चेंडू बाहेर जाऊन श्वास घ्यायला वेळ मिळेल ही आशाच नाही. आणि एक नियम असा, की एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येते. पुढच्या वर्षी नवा माणूस. आठ-दहा दिवसांत कुणी चांगला फुटबॉलपटू होत नाही, हे आयोजकांनाही ठाऊक आहे. त्यांचा हिशेब वेगळा आहे: घरी परतल्यावर या माणसाचे काय झाले? नागपूरचा अखिलेश पॉल 2010 ला रिओमध्ये भारताचा कर्णधार होता. तरुणपणी आपण गुन्हेगारीच्या वाटेला लागलो होतो, हे त्याने पुढे टीव्हीवर सर्वांसमोर सांगितले. परत आल्यावर तो प्रशिक्षक झाला, मुलांना शिकवू लागला. त्याला परत यायला जागा होती. नागपुरात मैदान होते, संस्था होती, शिकवायला पोरं होती. माझ्या मते रिओइतकेच, किंबहुना जास्तच, श्रेय या जागेचे आहे.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. अनिकेत जाधव पुण्याच्या बालेवाडीत क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2017 ला भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात खेळला. त्या संघाला तयारीसाठी जर्मनी, रशिया, पोर्तुगाल, इटली, मेक्सिको असे फिरवून आणले होते. तरी दिल्लीत तिन्ही सामने हरले: अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. पैसा वाया गेला, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ निघाले.

मग ऑगस्ट 2018 आला. यातली बरीच पोरं 20 वर्षांखालील संघातून स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळच्या कोटिफ स्पर्धेत गेली. आधी मुर्सियाकडून हार, मॉरिटानियाकडून हार, व्हेनेझुएलाशी बरोबरी. शेवटचा सामना अर्जेंटिनाशी. त्यांचे प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी. होय, तेच, चार वर्षांनी मेस्सीच्या संघाला विश्वचषक जिंकून देणारे. दीपक टांगरीने सुरुवातीलाच गोल केला. उत्तरार्धात अनिकेतला लाल कार्ड मिळाले आणि भारताचे दहाच खेळाडू उरले. आपल्याकडच्या सवयीने इथे सामना संपायला हवा होता. पण त्यानंतर अन्वर अलीने फ्री किकवर दुसरा गोल मारला आणि भारत 2-1 ने जिंकला.

ही जादू नव्हे. अर्जेंटिनाची निळी-पांढरी जर्सी पाहून पाय कापतात ते पहिल्यांदा. परदेशी संघांकडून पंधरा-वीस वेळा मार खाल्ल्यावर कापत नाहीत. दौऱ्यांनी दिले ते एवढेच, पण ते गावात बसून मिळत नाही. अनिकेत त्या लाल कार्डाने संपला नाही, हेही लक्षात घ्या. पुढे तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाला जाऊन आला. हा क्लब 2010 पासून आपल्या पुण्याच्या व्यंकीज समूहाकडे आहे.

आणि एकटेपण. त्याबद्दल जाहिरातीत कुणी बोलत नाही. गुरप्रीत सिंग संधू 2014 ला नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला, तेव्हा सुरुवातीचा बहुतेक काळ बाकावर बसून काढला. 2016 मध्ये युरोपा लीगच्या पात्रता सामन्यात उतरला आणि त्या स्पर्धेत खेळणारा पहिला भारतीय ठरला. थंडी, परकी भाषा, जेवणाची आबाळ आणि रोज सराव करूनही शनिवारी नाव यादीत नाही. जो हे पचवतो तो गोलरक्षक म्हणून मोठा होतोच, माणूस म्हणूनही होतो. पण सगळ्यांना ते पचत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. कोलकात्याचा मोहम्मद सलीम 1936 मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबाकडून पायाला पट्ट्या बांधून, बूट न घालता खेळला. लोक बघत राहिले. क्लब त्याला ठेवून घ्यायला तयार होता, पण त्याला घराची ओढ लागली आणि तो परतला.

आता आपल्या जिल्ह्याचे. आपल्या पोरांचे वर्षभराचे सामने मोजा. शालेय स्पर्धा, सुब्रोतो चषक, एखाद-दुसरी गावातली ट्रॉफी, आणि सगळ्या बाद पद्धतीच्या. पहिला सामना हरलात की वर्ष संपले. युरोपात दहा वर्षांचे पोरगे हरले तरी पुढच्या शनिवारी पुन्हा खेळते, कारण तिथे साखळी असते. परदेशातला मोठा फरक गवतात नाही, या पुढच्या शनिवारात आहे. आणि हे तर बुलढाण्यातही करता येते: आठ संघ, चौदा आठवडे, एक शिट्टी. विमानाचे तिकीट लागत नाही. ते केले नाही, तर परदेशातून शिकून आलेला पोरगाही वर्षभरात गंजेल.

सरकारी वाट अगदीच बंद नाही. राज्याच्या क्रीडा विभागाने जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबाशी करार करून 2023 मध्ये 14 वर्षांखालील मुलांची स्पर्धा घेतली आणि त्यातून निवडलेल्या 20 मुलांना म्युनिकला पाठवायचे ठरवले. अशा निवडीत आपल्या पोरांना अमरावती विभागातून पुढे जावे लागते, आणि तिथे वीसात नाव लागणे सोपे नाही. पण पैसे भरून नव्हे, खेळून जाता येते.

पैसे भरून जायच्या वाटेबद्दल मात्र स्पष्ट लिहिलेच पाहिजे. फिफाच्या नियमाने 18 वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ आईवडीलच फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले तर. म्हणून ‘पंधरा वर्षांच्या मुलाचा युरोपच्या क्लबाशी करार करून देतो’ म्हणणारा माणूस तुमच्या अंगणातल्या कुणालाही तो करार देऊ शकत नाही. सरावशिबिराला जाता येते, पण शिबिर म्हणजे करार नव्हे. ती पैसे देऊन केलेली सहल असू शकते. 2023 पासून एजंटांना फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. तो मागा. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांची लेखी संमती लागते, तेव्हा सही करायच्या आधी कागद कुणा जाणत्याकडून वाचून घ्या. जमीन, दागिना गहाण टाकून ट्रायलला पाठवू नका.

मुलींचे दोन शब्दांत. पंजाबची मनीषा कल्याण 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलॉन संघाकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, भारताची पहिलीच. तेव्हा ‘पोरीला कशाला’ हा प्रश्न आता जुना झाला.

राहता राहिले कागदपत्र, आणि इथे आमच्या समाजातली पोरं फार अडकतात. शाळेच्या दाखल्यावर ‘शे.’, आधारवर ‘शेख’, जन्मदाखल्यावर नुसतेच नाव, कुठे ‘मो.’, कुठे ‘मोहम्मद’, कुठे ‘मोहंमद’. वयोगटाच्या निवडीत जन्मतारीख तपासली जाते, पासपोर्टला नाव अक्षरन् अक्षर जुळावे लागते. पोरगा निवडला गेल्यावर दुरुस्तीला धावायचे तर दिवस पुरत नाहीत. दाखल्यातली दुरुस्ती शाळेमार्फत होते, जन्मदाखल्याची नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत. उन्हाळी सुट्टी लागली की शाळेत कुणी सापडत नाही, तेव्हा ईदच्या आधीच एकदा तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघा.