भिंतीवरच्या दोन खुणा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्रात नाक खुपसू नये, हे मला मान्य आहे. पण गेल्या वर्षी माझ्या हातून एका मित्रावर अन्याय झाला, आणि तो कसा झाला हे कळण्यासाठी मला थोडे गणित शिकावे लागले.

हँडबॉलच्या संघाची निवड चालू होती. जिमखान्यामागच्या भिंतीशी प्रत्येकाने खडू घेऊन उडी मारायची व खूण करायची. (शेजारी ‘भिंतीवर लिहू नये’ ही पाटी होतीच. पाटीवाचून पुण्यात भिंत कुठली?) माझी खूण २६४ सेंटिमीटरवर, मित्राची २५८ वर. कर्णधार या नात्याने मी त्याचे नाव राखीव खेळाडूंत घातले.

उभ्या उडीची ही चाचणी अमेरिकेतील व्यायामशिक्षणतज्ज्ञ डडली सार्जंट यांनी १९२१ साली मांडली. भिंतीवर ती घ्यायची तर खुणा दोन हव्यात. पहिली जमिनीवर पाय टेकून, हात उंच करून; दुसरी उडीच्या टोकाला. दोहोंतील अंतर म्हणजे उडी. पुढे आम्ही पहिली खूणही केली. माझी २२४ वर, त्याची २०८ वर. म्हणजे माझी उडी ४०, त्याची ५० सेंटिमीटर! मी उडी मोजलीच नव्हती. आईबापांनी दिलेली उंची मोजली होती.

हँडबॉलमध्ये या दहा सेंटिमीटरांना मोल आहे. गोलपुढच्या सहा मीटरच्या रेषेआत आक्रमकाला पाय टेकता येत नाही. पण रेषेबाहेरून झेपावून, जमिनीवर उतरण्यापूर्वी चेंडू फेकता येतो. पन्नास सेंटिमीटर उडणारा चाळीसवाल्यापेक्षा सुमारे सात शतांश सेकंद अधिक हवेत राहतो. तेवढ्यात गोलरक्षक आधी हलला, तर मोकळा कोपरा दिसतो.

खडूऐवजी वेळही मोजता येते. इटलीचे कार्मेलो बोस्को व त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली ही रीत पुढे आणली. हवेतील सेकंदांचा वर्ग करावा, ९.८१ ने गुणावा, आठाने भागावा. उडी मीटरमध्ये मिळते. मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे टिपली आणि पाय १४४ चित्रांत अधांतरी दिसले, तर वेळ ०.६ सेकंद, उडी सुमारे ४४ सेंटिमीटर. मात्र गुडघे दुमडून उतरणारा लबाड ठरतो. त्याची वेळ उगाच वाढते.

आणखी एक मेख आहे. उडीची उंची म्हणजे ताकद नव्हे. ६० किलोचा खेळाडू ४५ सेंटिमीटर उडाला आणि ७५ किलोचा ४० सेंटिमीटर, तर अधिक कार्य दुसऱ्याचे. आणि ते कार्य किती थोड्या वेळात झाले, यावर पायांची स्फोटक शक्ती ठरते. तिच्यासाठी पायांचा जमिनीवरचा जोर क्षणोक्षणी नोंदवणारी फळी लागते. अव्वल खेळाडूंना तिच्यावर उभे करतात. आमच्या जिमखान्यात खडूच आहे.

पण खडूही खरे बोलतो, त्याला दोनदा विचारले तर. यंदा मित्र पहिल्या सातांत आहे. भिंतीजवळ गेलो की तो मला आठवण करून देतो, “आधी उभा राहा, मग उडी मार!”