मदत वेगळी, वारसांचा हक्क वेगळा

जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असे वाडवडील सांगत आले. जिनिंगांनी आणि रोलिंग मिलांनी ही म्हण खरी केली. पण त्याच धंद्याची धूळ मजुराच्या छातीत उतरते, याचा हिशेब आम्ही कापूस-कापडवाले क्वचितच मांडतो.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. पुढे दम कायमचा लागतो. एक्स-रेत तो सहसा ओळखू येत नाही. नळीत फुंकून श्वास मोजण्याची तपासणी लागते. ती झाली नाही तर कागदावर 'दमा' राहतो, आणि माणूस गेल्यावर त्याच्या बेवेच्या हाती पुरावा उरत नाही.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने बिसिनोसिस आणि सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, दोन्ही रोग धंद्यातून होणारे मानले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली. वारसांचा हक्क तिच्यातही आहे. हिशेब सरळ आहे : निम्मा मासिक पगार गुणिले वयाचा गुणक. चाळिशीचा गुणक १८४.१७. पगार १०,००० रुपये असेल, तर भरपाई ९,२०,८५० रुपये. जो कामगार राज्य विमा योजनेत आहे, त्याच्या वारसांना याऐवजी तिथून दरमहा रक्कम मिळते.

आपल्यात रिवाज असा की, मजूर गेला की मालक घरी जाऊन काही हजार हातावर ठेवतो. नियत नेक असते. पण कायद्याने देणे फिटत नाही. मृत्यूची भरपाई सरकारी अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेल्यापैकी फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल वजा होते. मजूर ठेकेदाराचा असला तरी वारस मूळ मालकाकडे मागू शकतात. मालकाने ते मग ठेकेदाराकडून वसूल करावे.

स्वतःच्या दुकानात रुई पिंजणारा पिंजारी भाई मात्र कोणाचा नोकर नाही. त्याला ही भरपाई नाही. त्याने नाकातोंडावर धूळ गाळणारा मास्क बांधणे आणि धूळ बाहेर ओढणारा पंखा लावणे हाच बचाव.

मालक बंधूंनी हजेरीपटावर प्रत्येकाचे नाव चढवावे, भरपाईचा विमा उतरवावा. कामगारांनी पगाराची चिठ्ठी आणि तपासणीचे कागद घरच्यांना दाखवून ठेवावेत. दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे, आणि दुःखात दोन वर्षे कधी निघून जातात ते कळत नाही.