कूर्चेची जाडी आणि दशांशापुढचे आकडे

समजा, नोएडात केलेल्या एमआरआयवरून गुडघ्यातल्या कूर्चेची सरासरी जाडी 2.31 मिलिमीटर निघाली आणि वर्षभराने गुरुग्राममध्ये ती 2.25 भरली. ‘कूर्चा झिजली’ असा निष्कर्ष घरात लगेच निघेल. दशांशचिन्हापुढे दोन आकडे दिसले की शंका घ्यायचा धीर होत नाही. खरे तर एवढ्यावरून झीज झाली असे म्हणता येत नाही, आणि झाली नाही असेही म्हणता येत नाही. कसलेल्या हातांनी, त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने तोच गुडघा पुन्हा मोजला तरी साधारण एक ते तीन टक्क्यांचा फरक पडतो. ही चूक दोन टक्के धरली, तर ती दोन्ही वेळच्या मोजमापांत शिरलेली असल्यामुळे, फरक साडेपाच टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच तो 95 टक्के खात्रीने खरा बदल ठरतो. आपल्या उदाहरणात तो तीन टक्क्यांच्याही आत आहे, शिवाय यंत्र बदललेले. चूक लहान असली तरी मोजायची गोष्ट तिच्याहून लहान आहे, ही यातली खरी अडचण.

यावर उलट टोकाचा गैरसमज तयारच असतो: चित्रातला एक ठिपकाच जर 0.3-0.4 मिलिमीटरचा, तर त्याहून बारीक फरकाच्या गोष्टी म्हणजे थापा. तसेही नाही. सरासरी जाडी हजारो बिंदूंवरून काढतात. त्यात इकडेतिकडे पडलेल्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. शेकडो माणसे घेतली की सरासरी आणखी स्थिरावते. म्हणून तर 2004 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह या अभ्यासाने 4,796 जणांचे गुडघे वर्षानुवर्षे तपासले. स्प्रिफर्मिन या औषधाची 549 रुग्णांवरची चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी सर्वाधिक मात्रेच्या गटात आणि औषध न मिळालेल्या गटात जाडीतला फरक सुमारे 0.05 मिलिमीटर होता, ठिपक्याहून कितीतरी कमी, आणि तो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला. वेदनेत मात्र त्याने लक्षणीय फरक पडला नाही. कूर्चेत चेतातंतू नसतात, त्यामुळे जाडी आणि दुखणे यांची गाठ सैलच असते. गटाच्या सरासरीबद्दल खरे असलेले विधान एकट्या गुडघ्याला लावले की घोटाळा होतो.

‘आता संगणकच कडा आखतो, मग माणसाची चूक उरली कुठे?’ हा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. आयआयटी दिल्लीतल्या संशोधकांनी दिल्लीच्याच महाजन इमेजिंगमधल्या तज्ज्ञांसह 2020 मध्ये मांडी आणि नडगीच्या हाडांवरची कूर्चा वेगळी काढण्याची एक पद्धत मांडली. तिचा रोख कूर्चेखालच्या हाडात विकृती असलेल्या, म्हणजे जिथे कड ओळखणेच अवघड जाते अशा रुग्णांवर होता, हे बोलके आहे. संगणक तोच चित्रसंच दोनदा दिला तर तेच उत्तर देईल. पण कड जागची सरकलेली असेल, तर दोन्ही वेळा तेच चुकीचे उत्तर येईल. सातत्य आणि अचूकपणा वेगवेगळे तपासावे लागतात. शिवाय रुग्ण पुन्हा यंत्रात झोपला की पायाचा कोन बदलतो, चित्रच बदलते, आणि ती चूक कोणत्याही सॉफ्टवेअरच्या आधीची असते.

कूर्चेतले पाणी व कोलॅजनची ठेवण दाखवणारे टी-2 हे मोजमाप जाडीपेक्षा लवकर बदल टिपेल, अशी आशा आहे. म्हणून ते जास्त भरवशाचे, असे मात्र नव्हे. कोलॅजनचे तंतू मुख्य चुंबकक्षेत्राशी सुमारे 55 अंशांचा कोन करतात तिथे निरोगी कूर्चेचाही टी-2 फुगतो. धावून आल्यावर तो उतरू शकतो, म्हणून चाचणीआधी विश्रांती देतात. क्यूआयबीए या तज्ज्ञगटाने 2021 मध्ये 3 टेस्ला यंत्रांसाठी मर्यादा नोंदवली: एका माणसाच्या बाबतीत 14 टक्के किंवा अधिक बदल दिसला, तरच तो खरा मानावा. तोही ठरलेली कार्यपद्धती पाळून. तेव्हा दिल्लीकराने दुसऱ्या वेळी स्वस्त दर शोधत केंद्र बदलण्याऐवजी तेच केंद्र, तेच यंत्र आणि तोच प्रोटोकॉल मागावा, आणि अहवालासोबत मूळ चित्रांची सीडीही घ्यावी. जुनी-नवी चित्रे एकाच पद्धतीने पुन्हा मोजता येतात, छापील आकडे येत नाहीत.