ब्रेक विसरलो आणि नंदुरबारची गाडी जळगावला पोहोचली! स्विच-केस सोप्या भाषेत

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याचा. सी लँग्वेज शिकायला लागलो ते मोबाईलवरच्या कंपायलर ॲपमध्ये. पहिला प्रोग्रॅम ठरवला: नंबर प्लेटवरचा आरटीओ कोड टाकला की जिल्ह्याचं नाव यायला हवं. आपला एमएच-३९, धुळ्याचा १८, जळगावचा १९.

आधी इफ-एल्स लावलं. प्रत्येक ओळीत तीच अट टाइप करून बोटं दुखली. अशा वेळी स्विच कामाला येतो. तो एक व्हॅल्यू घेतो आणि ती ज्या केसशी जुळेल, तिथे थेट उडी मारतो. (समजायला सोपं म्हणून खाली देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र इंग्रजीतच करा.)

स्विच (कोड) {
केस ३९: प्रिंट("नंदुरबार");
केस १८: प्रिंट("धुळे");
केस १९: प्रिंट("जळगाव");
}

३९ टाकलं. उत्तर आलं: नंदुरबार धुळे जळगाव! एरर एकही नाही, पण उत्तर चुकीचं.

कारण काय? स्विच आपल्याला योग्य स्टॉपवर एसटीत चढवतो, पण बेल वाजवून उतरवायचं काम 'ब्रेक'चं. ब्रेक नसेल तर गाडी पुढचे सगळे स्टॉप घेत जाते. याला फॉल-थ्रू म्हणतात. प्रत्येक केसच्या शेवटी 'ब्रेक;' लिहिलं आणि प्रोग्रॅम सुधारला. कोणताच कोड जुळला नाही तर काय दाखवायचं, ते 'डिफॉल्ट'मध्ये लिहा.

फॉल-थ्रूचा फायदाही होतो. १५ नाशिकचा, ४१ मालेगावचा, पण जिल्हा एकच. म्हणून 'केस १५: केस ४१:' लागोपाठ लिहून 'नाशिक' एकदाच प्रिंट करायचं.

ब्रेक चुकीच्या जागी पडला तरी घोळ होतो. केसच्या आतल्या इफमध्ये ब्रेक लिहिला, तर तो थेट स्विचबाहेर काढतो. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं फोन नेटवर्क सुमारे ९ तास कोलमडलं, ते अशाच एका ब्रेकमुळे.

एक लक्षात ठेवा: सी मधला स्विच फक्त 'बरोबर इतकंच' तपासतो. '३५ पेक्षा जास्त मार्क' अशी अट असेल तर इफ-एल्सच वापरा. आणि रन करण्याआधी केस मोजा, मग ब्रेक मोजा. मी आजही मोजतो!