छपरावरची वीज : लेखांक ९
बसतोय ना, मग झालं!

आज अर्थिंग घेणार होतो. ते आणखी एक आठवडा थांबेल, कारण चाकणच्या एका कारखान्यात मेन्टेनन्स बघणाऱ्या वाचकांचं पत्र आलंय. ५०० किलोवॅटचा सोलर प्लँट, दोन वर्षं झाली, आणि काही डीसी कनेक्टर वितळल्यासारखे दिसतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "सगळे एमसी-फोरच आहेत साहेब, एकमेकांत बसतात." काळजी करावी का?

करावी.

एमसी-फोर हा मुळात मल्टी-कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीचा (आताची स्टॉयब्ली) कनेक्टर. पुढे अनेकांनी तसेच दिसणारे काढले आणि खोक्यावर ‘एमसी-फोर कम्पॅटिबल’ छापलं. पण दोन कंपन्यांच्या नर-मादीची मापं एकमेकांशी जुळलीच पाहिजेत, असं सांगणारं सामाईक मानक नाही. एकाची पिन केसभर बारीक, दुसऱ्याची स्प्रिंग ढिली, एकावर चांदीचा मुलामा तर दुसऱ्यावर कथलाचा, रबरी सील निराळं. खटका बसतो, ओढून सुटत नाही आणि पहिल्या दिवशी मीटरही सगळं ठीक दाखवतो.

नंतर पत्र्यावरची दुपार आणि पावसाळ्यातली ओल आपलं काम करतात. चांगल्या जोडाचा रोध साधारण ०.३५ मिलिओहम असतो. त्यातून १३ अँपिअर गेले तर जेमतेम ०.०६ वॅट उष्णता होते. रोध १०० मिलिओहमवर गेला की तीच १७ वॅट. म्हणजे बोटभर प्लास्टिकच्या आत छोटी सोल्डरिंग आयर्न रोज दुपारभर चालू ठेवल्यासारखं. शेवटी संपर्क सुटतो आणि आर्क पेटतो. आपल्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तिथे आर्क विझायला वाव असतो. डीसीत तो नाही. शिवाय अशा आर्कमध्ये करंट वाढत नाही, त्यामुळे फ्यूज जागचा हलत नाही.

आता शोधायचं कुठे? हजारभर जोड तपासायची गरज नाही. एकाच लॉटमधली पॅनेलं एकमेकांना जोडलेली असतात, तिथे दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या. भेसळ होते ती स्ट्रिंगच्या टोकांना, जिथे कॉन्ट्रॅक्टरची केबल पॅनेलच्या वायरला भेटते. ५४५ वॅटची ९१८ पॅनेलं, १८-१८च्या स्ट्रिंग धरल्या तर ५१ स्ट्रिंग. प्रत्येकीची दोन टोकं म्हणजे १०२ जोड, आणि तेवढेच इन्व्हर्टरपाशी. दोन माणसांचं एका दिवसाचं काम.

भर उन्हात, प्लँट लोडवर असताना थर्मल कॅमेरा फिरवा. शेजारच्या जोडांपेक्षा जो स्पष्ट गरम दिसेल, त्यावर खूण करा. हात लावू नका आणि चालू करंटमध्ये कनेक्टर कधीही ओढू नका. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर बंद, मग क्लॅम्प मीटरवर शून्य करंट, त्यानंतर जोड सोडा. तरीही ऊन असेतो त्या टोकांवर आठशे-नऊशे व्होल्ट असतातच. रबरी हातमोजे घरी ठेवायला दिलेले नाहीत.

बदलताना पॅनेलच्या डेटाशीटवर कनेक्टरची कंपनी आणि मॉडेल पाहा, आणि केबलच्या टोकाला तोच बसवा. पॅनेलची स्वतःची वायर कापू नका, वॉरंटी जाऊ शकते. इन्व्हर्टरच्या खोक्यात कनेक्टर येतात, ते तिथेच वापरा. पिन पकडीने चेपलेली दिसली तर ती स्वीकारू नका. त्या कनेक्टरसाठी सांगितलेलं क्रिंपिंग टूलच हवं.

नव्या प्लँटची ऑर्डर काढत असाल, तर ‘एमसी-फोर किंवा समतुल्य’ हे शब्द खोडा. त्या जागी ‘जोडाच्या दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या’ असं लिहा आणि बिल पास करण्याआधी स्ट्रिंगच्या टोकांच्या आणि इन्व्हर्टरपाशीच्या सगळ्या जोडांचे फोटो मागा. कनेक्टरचा खर्च प्लँटच्या किमतीत दिसतसुद्धा नाही. कॉन्ट्रॅक्टर कुरकुरला तर कुरकुरू द्या.