बत्तीसचा फरक

चाकण असो वा पिंपरी, कारखान्यातून निघणाऱ्या गाडीवर सतरा अक्षरी चेसिस नंबर कोरलेला असतो. बजाजचा बहुतेक ‘एमडी२’ने सुरू होतो, महिंद्राचा ‘एमए१’ने, टाटा मोटर्सचा ‘एमएटी’ने. त्यात सगळी अक्षरं कॅपिटल. आय, ओ आणि क्यू यांना तर प्रवेशच नाही, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. अक्षरांच्या घोळाचा पत्र्यावरचा प्रश्न असा मिटला. कीबोर्डवर तो उरतोच.

लेबलावर पार्ट नंबर कॅपिटलमध्ये आणि संगणकात कोणीतरी तोच स्मॉलमध्ये टाकलेला. स्टोअरमधल्या माणसाला दोन्ही एकच. संगणकाला मात्र अक्षर म्हणजे आकडा. आस्की संकेतात कॅपिटल ‘ए’ ६५, स्मॉल ‘ए’ ९७. १९६३च्या पहिल्या आस्कीत स्मॉल अक्षरं नव्हतीच. ती १९६७च्या आवृत्तीत आली, तीही नेमकी ३२ घरं पुढे, म्हणजे एक बिट बदलला की अक्षर बदलतं. सुरेख युक्ती! पण हा फरक मोजायचा की सोडून द्यायचा, हे प्रत्येक प्रोग्रॅमने आपापलं ठरवलं. एक्सेलमधलं शोधण्याचं फंक्शन व्हीलूकअप तो सोडून देतं, डेटाबेसपैकी मायएसक्यूएलही मुळात सोडून देतं. पोस्टग्रेस सोडत नाही. एकीकडची यादी दुसरीकडे नेली की एकाच पार्टच्या दोन नोंदी होतात त्या अशा.

दोन्ही बाजू स्मॉल करून ताडून पाहा, हा रूढ उपाय. इंग्रजीपुरता तो चालतो. पण चाकणला २००९पासून फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा कारखाना आहे, म्हणजे जर्मन शब्दही आले. जर्मनमध्ये दुहेरी ‘एस’च्या उच्चाराचं एक अक्षर आहे, ते कॅपिटल केलं की परंपरेने दोन ‘एस’ होतात आणि शब्द एका अक्षराने लांबतो. त्याला स्वतःचं अधिकृत कॅपिटल रूप मिळालं ते २०१७मध्ये. तुर्कीत तर स्मॉल ‘आय’वरचं टिंब कॅपिटलवरही राहतं. म्हणून युनिकोड या सर्व लिप्यांच्या संकेताने फक्त तुलनेसाठी वेगळा तक्ता केला आहे.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणून आपण सुटलो असं वाटतं. पण ‘ॲप’ लिहून पाहा. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८मध्ये, त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवत, अजूनही चढवतात. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब दिसतात, शोधताना मात्र एक दुसऱ्याला सापडत नाही. ‘दऱ्या’तला ‘ऱ्य’सुद्धा दोन तऱ्हांनी टाइप होतो. युनिकोडचे तयार नियम या जोड्या एक मानत नाहीत, आणि स्मॉल करणारं फंक्शन मराठीला हातही लावत नाही. मराठी नावांच्या याद्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमरला अशा जोड्यांचा तक्ता स्वतःच लिहावा लागतो.